मधली रेघ

सहा आठवड्यांपूर्वी दुपारी एकच्या सुमारास कोल्हारच्या वार्ताहराचे पाकीट आले. गावोगावचे वार्ताहर बातम्यांची पाकिटे एस.टी.च्या कंडक्टरकडे देतात, आमचा शिपाई ती नगरच्या स्टँडवरून घेऊन येतो आणि जिल्हा पान पाहणाऱ्या उपसंपादकाच्या टेबलावर टाकतो. ते टेबल माझे आहे. पाकिटात तीन कागद होते. पहिला कालव्याला पाणी कधी सुटणार याविषयीचा, दुसरा सोसायटीच्या सभेचा आणि तिसरा चार ओळींच्या निधनवार्तेचा. निधनवार्तेत विशेषणे ठेवायची नाहीत असा आमच्याकडे नियम आहे. तिसऱ्या कागदावर 'अल्पशा आजाराने दुःखद निधन' असे लिहिले होते. हातातल्या लाल पेन्सिलीने 'दुःखद' खोडले. मग नाव वाचले. शांतवन पारखे गुरुजी, प्राथमिक शिक्षक, वय पंचेचाळीस.

आदल्या दिवशी याच वेळी तो याच टेबलासमोरच्या खुर्चीवर बसला होता. चहा घेऊन, गप्पा मारून चारच्या गाडीने परत गेला होता. त्याला गाडीत बसवून देणारा मीच होतो.

त्या चार ओळी दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून आल्या आणि त्यांत एक चूक राहिली. 'दुःखद' खोडताना 'अल्पशा' खोडायचे राहून गेले. आजार अल्प नव्हता. तो बारा महिन्यांचा होता, आणि त्याची दर पंधरवड्याची नोंद शांतवनच्या हस्ताक्षरात आज माझ्यासमोर आहे. वृत्तपत्रात चूक छापली गेली तर वृत्तपत्रातच तिची दुरुस्ती करावी लागते. हा मजकूर मुख्यतः त्यासाठी लिहिला आहे.

शांतवनची आणि माझी ओळख नगरच्या ट्रेनिंग कॉलेजातली. वसतिगृहात आमची खोली एक होती. तो राहुरीकडचा, ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा. वडिलांनी आणि आजोबांनीही मिशनच्या शाळांतून शिकवले होते. मी शिक्षक होणार नाही हे पहिल्या सहा महिन्यांतच त्याच्या लक्षात आले होते, आणि तो शिक्षकच होणार हे माझ्या. केडगावच्या शाळेत एक वर्ष काढून मी वर्तमानपत्रात आलो. तो कोल्हारला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मी उपसंपादकपदाच्या पुढे सरकलो नाही, तरी तो मला कायम 'संपादक' म्हणत असे. नगरला आला की कार्यालयाच्या दारातूनच विचारायचा, "काय संपादक, आज किती माणसं मारली?" निधनवार्ता माझ्याकडे असतात हे त्याला ठाऊक होते. पहिल्यांदा आमचे मुख्य उपसंपादक दचकले होते. नंतर तेही "तीन" किंवा "आज कुणी नाही" असे उत्तर देऊ लागले.

तो गणित शिकवायचा. सातवीपर्यंतचे सगळेच विषय त्याला शिकवावे लागत, पण गावात त्याला गणिताचे गुरुजी म्हणूनच ओळखत. त्यातही त्याचे प्रेम अपूर्णांकांवर. दशमान पद्धत आल्यावर पावकी, निमकी, दिडकीचे पाढे अभ्यासक्रमातून गेले, तरी हा शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे मुलांकडून दिडकी म्हणवून घ्यायचा. दीड, तीन, साडेचार, सहा... ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत तो आवाज जाई आणि तो ऐकून बायका चुलीवर भाताचे आधण ठेवत, असे त्याची पत्नी सुशीलावहिनी सांगत. मुलांना त्याने एक गोष्ट पक्की शिकवली होती. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचे नाही. आधी अंश आणि छेद दोघांना ज्याने भाग जातो तो शोधायचा, संक्षिप्त रूप द्यायचे. "भीती निम्मी होते," असे तो म्हणायचा. त्याच्या हाताखालून गेलेली मुले आज चाळिशीला येत आहेत. त्यांतला एक जण मला परवा म्हणाला, की अजून बाजारात मोठा आकडा ऐकला की गुरुजींचा आवाज कानात येतो आणि आपण मनातल्या मनात भाग देऊ लागतो.

ही सवय त्याला स्वतःलाही सुटत नव्हती. एस.टी.च्या पाटीवरचा नंबर, मैलाच्या दगडांवरचे आकडे, काहीही चालायचे. मी एकदा त्याच्याबरोबर रविवारच्या उपासनेला गेलो होतो. चर्चच्या भिंतीवर त्या दिवशी म्हणायच्या गीतांचे क्रमांक लाकडी पाटीवर एकाखाली एक लावलेले होते. एकशे चव्वेचाळीस आणि त्याखाली शहाण्णव. पाळक प्रार्थना करत असताना हा माझ्या कानाशी पुटपुटला, "दीड." मला हसू आले. वहिनींनी त्याला पदराआडून चिमटा काढला. "देवाच्या घरात तरी गप बसा की," त्या म्हणाल्या, तर हा म्हणतो, "देवानंच लावलेत आकडे."

गेल्या वर्षी, दुष्काळाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, आमच्या दैनिकाने आठवड्यातून एकदा 'आरोग्य' हे सदर सुरू केले. जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी लिहायचे आणि मी पाहायचे. कोल्हारच्या डॉक्टरांनी 'रक्तदाब म्हणजे काय?' या विषयावर लेख पाठवला. लेख चांगला होता. रक्त नळ्यांतून कसे वाहते, हृदय ते कसे ढकलते, डॉक्टर दंडाला पट्टा बांधून पारा का चढवतात, हे सोप्या भाषेत सांगितले होते. निरोगी माणसाचे माप त्यांनी एकशे वीस, मध्ये तिरपी रेघ आणि पुढे ऐंशी असे लिहिले होते. आमचे जुने कंपोझिटर बाबूराव कागद घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, ही तिरकी काठी आपल्या खिळ्यांच्या केसमधी न्हाई. खिळा झिजून गेला. आडवी लावू का?"

"लावा की," मी म्हणालो. "अपूर्णांकासारखी. वर एकशे वीस, खाली ऐंशी."

तसे ते लागले. त्याच दिवशी संध्याकाळी ऑइल इंजिनची एक जाहिरात आली आणि त्या पानावर बारा ओळी जास्त झाल्या. मजकूर जास्त झाला की तो शेवटून कापतात. ही आमच्या धंद्याची पद्धत आहे; महत्त्वाचे आधी येते आणि बिनमहत्त्वाचे शेवटी, असे त्यात गृहीत धरलेले असते. मी लेखाचा शेवटचा परिच्छेद काढला. काढण्यापूर्वी तो पुरता वाचला नाही. आठवड्याने डॉक्टरांचे पोस्टकार्ड आले. 'लेख छापल्याबद्दल आभार. शेवटचा परिच्छेद आलेला दिसत नाही. जागेअभावी असावे. पुढील अंकी घेता आला तर पाहावे.' मी कार्ड टाचणीला लावले. पुढच्या अंकात गोवराविषयीचा लेख होता.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, फळ्यावर लिहिता लिहिता शांतवनचा घोळणा फुटला. उन्हाळ्यात आपल्याकडे कुणाचाही फुटतो, त्यामुळे कुणी घाबरले नाही. मुलांनी कांदा फोडून नाकाला लावला, डोक्यावर पाणी ओतले. पण रक्त अर्धा तास थांबेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नाकात बोळा बसवला आणि पट्टा बांधून पाहिले. मग त्याला दहा मिनिटे आडवा निजवून पुन्हा पाहिले. दोन्ही वेळा एकच आकडा आला. ते म्हणाले, "गुरुजी, एकशे ऐंशी बाय एकशे वीस आहे." गोळ्या दिल्या, मीठ बंद केले, दर पंधरा दिवसांनी येऊन माप देऊन जायला सांगितले.

या तीन गोष्टी त्याने कशा पाळल्या हे नीट सांगितले पाहिजे. मीठ त्याने सोडले. वहिनींनी दोन स्वयंपाक नकोत म्हणून घरातले सगळेच जेवण अळणी केले. मापाचा पंधरवडा त्याने एकदाही चुकवला नाही. पावसात, परीक्षेत, नाताळच्या धामधुमीतही तो गेला. गोळ्या मात्र पाच आठवड्यांनी सोडल्या. हे डॉक्टरांना त्याने सांगितले नाही. माप उतरत नाही म्हणून डॉक्टर गोळ्या वाढवत गेले, आणि तो वाढवलेल्या गोळ्या घरी आणून ठेवत गेला.

मला हे कळले ते दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हारला गेलो तेव्हा. जेवणे झाली होती. ओसरीत त्याने मुलीची पाटी मागून घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"हे बघ संपादक. तुमच्या पेपरात छापलेलं निरोगी माणसाचं माप. एकशे वीस छेद ऐंशी. दे संक्षिप्त रूप."

"तीन छेद दोन."

"म्हणजे?"

"दीड."

"शाबास. आता हे माझं. एकशे ऐंशी छेद एकशे वीस. चाळीस नको, साठानं भाग दे."

"दीड," मी म्हणालो.

"मग? डॉक्टर तोंड पाडून बसतो ते कशासाठी? वरचं वाढलं, तसं खालचंही त्याच मानानं वाढलंय. तोल कुठं सुटलाय? सुटला असता तर मी म्हणालो असतो, हो, आजार आहे."

वहिनी दारात उभ्या होत्या. "भावजी, तुमी तरी सांगा ह्यांना. गोळ्या डब्यात तशाच पडून हायत. गोळी घेतली की वर्गात डोळं मिटत्यात म्हनत्यात."

"अगं, तो काय सांगणार? त्याच्याच पेपरात छापून आलंय," शांतवन म्हणाला.

"पेपरात काय, रोज एक नवीन येतंय. परवा आलं हुतं पाऊस पडंल म्हनून. पडला का?"

यावर आम्ही दोघेही हसलो. मी पाटी हातात घेतली आणि त्याच्या गणितापुढे खडूने शंभरपैकी शंभर असे लिहिले. तो विनोद करत होता असे मला त्या वेळी वाटले. आजही मी ठामपणे सांगू शकत नाही. गोळ्यांनी येणारी सुस्ती त्याला सोसत नव्हती, वर्गात डुलकी लागणे हा त्याला अपमान वाटत होता, आणि गोळ्या सोडायला काही तरी कारण हवे होते, असे असू शकेल. किंवा त्याने आयुष्यभर मुलांना जे शिकवले त्यावर त्याचा खरोखरच विश्वास होता, असेही असेल. बहुधा विनोदाने सुरुवात झाली असावी आणि मग तो त्यातच राहायला गेला असावा. मी विनोदाला दाद दिली, एवढेच निश्चित सांगता येते. गोळ्या डब्यात आहेत हे वहिनींनी मला सांगितले होते. मी डॉक्टरांना कळवले नाही. त्यांचे घर शांतवनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते.

फेब्रुवारीत एकदा त्याचे कार्ड आले. एकच वाक्य होते: 'आज एकोणीस छेद बारा आले, दीड राहिले नाही, मन लागत नाही.' त्या दिवशीचे माप एकशे नव्वद आणि एकशे वीस होते. तो दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा डॉक्टरांकडे गेला होता, हे मागाहून समजले. डॉक्टरांना वाटले, चला, गुरुजींना अखेर काळजी वाटू लागली. आकडा दीडच्या पुढे गेल्याची ही काळजी होती. दोन्ही आकडे एकत्र चढत होते तोवर त्याला कसलीच काळजी नव्हती.

आता शेवटचा दिवस. सकाळी साडेआठला तो ठरल्या पंधरवड्याप्रमाणे डॉक्टरांकडे गेला. दोन दिवस डोके मागून जड आहे, असे त्याने सांगितले. माप आले दोनशे दहा आणि एकशे चाळीस. डॉक्टरांनी तिथेच एक गोळी पाण्याबरोबर घ्यायला लावली, नगरच्या मोठ्या दवाखान्याच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि सांगितले, आज, आत्ता, मिळेल त्या गाडीने जा आणि दाखल व्हा. सोबत कुणी देऊ का, असेही विचारले. तो म्हणाला, नगरला माझा माणूस आहे.

मिळेल त्या गाडीने तो आला, आणि थेट आमच्या कार्यालयात आला. "काय संपादक, आज किती माणसं मारली?" मी मान वर न करता "दोन" म्हणालो. तो खुर्चीत बसला. चेहरा उन्हातून आल्यासारखा लाल होता, आणि एप्रिलचे ऊन होतेच. मी चहा मागवला.

"आलं बरं का परत ठिकाणावर," तो म्हणाला. "दोनशे दहा छेद एकशे चाळीस. सत्तरानं भाग जातो."

"दीड," मी म्हणालो. समोर दुसऱ्या आवृत्तीचे पान होते.

"दीड! फेब्रुवारीत उगाच जिवाला घोर लावून घेतला होता." मग खिशावर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टरनं चिठ्ठी दिलीय दवाखान्याची. दाखल व्हा म्हणतो. पण उद्यापासून सातवीची परीक्षा. पेपर माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडं. आटोपली की येतो, आठ दिवसांनी."

चिठ्ठी त्याच्या खिशातून वर डोकावत होती. मी ती मागितली नाही. चहा आला. बशीत ओतून घेताना बशी त्याच्या उजव्या हातातून निसटली आणि फुटली. तो हाताकडे बघत राहिला, बोटे उघडून मिटून पाहिली. "मुंग्या आल्यात. गाडीत दांडीला धरून उभा होतो ना दोन तास..." शिपायाने तुकडे गोळा केले. मी दुसरी बशी मागवली. दुसऱ्या वेळी त्याने कपानेच चहा घेतला, डाव्या हाताने. हे मी पाहिले होते. आमच्या कार्यालयापासून तो दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. चारच्या गाडीला गर्दी होती, म्हणून मी आधी वर चढून त्याच्यासाठी खिडकीची जागा धरली. गाडी हलताना तो म्हणाला, "परीक्षा झाली की चार दिवस तुझ्याकडंच राहतो. अळणी जेवायला लागंल तुला." मी म्हणालो, चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, दाढी करताना, त्याच्या हातातून वस्तरा पडला. उजवी बाजू गेली, तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर पाच मिनिटांत आले. नगरला नेण्यासाठी साखर कारखान्याची जीप मिळायला दीड तास गेला. जीप दारात आली तेव्हा तो गेलेला होता. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. सातवीची परीक्षा त्या दिवशी अकराला सुरू झाली. किल्ली वहिनींनी शाळेत पाठवून दिली होती.

तिसऱ्या आठवड्यात मी कोल्हारला गेलो. आधी डॉक्टरांना भेटलो. गोळ्यांचे त्यांना तोवर समजले होते; वहिनींनी डबा त्यांच्यापुढे नेऊन ठेवला होता. गणिताचे मात्र मी सांगेपर्यंत त्यांना ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "मला एकदा म्हणाले होते ते, डॉक्टर, तुमच्या हिशोबानं मी निरोगीच आहे. मी हसलो. म्हणालो, तुमचं गणित आमच्यापेक्षा बरं आहे गुरुजी... आम्ही दिवसातून पन्नासदा 'बाय' म्हणतो. एकशे ऐंशी बाय एकशे वीस. बाय म्हणजे भागिले, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. ती रेघ भागाकाराची नाही हो. दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून असते ती."

"तुम्ही लेखात हे लिहिलं होतं का?" मी विचारले.

"शेवटच्या परिच्छेदात होतं," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

मूळ कागद रद्दीत गेला आहे. मी त्यांना तो परिच्छेद पुन्हा लिहून देण्याची विनंती केली. त्यांनी तो औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर लिहून दिला. तो एकही शब्द न बदलता येथे देत आहे, आणि या वेळी तो मजकुराच्या शेवटी ठेवलेला नाही.

'वरचा आकडा हृदय रक्त पुढे ढकलते त्या वेळच्या दाबाचा. खालचा, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते त्या वेळचा. दोन्ही आकडे स्वतंत्र वाचावेत. दोहोंपैकी एक वाढलेला असला तरी रक्तदाब वाढलेला आहे असे समजावे, आणि दोन्ही वाढलेले असणे हे अधिक वाईट. एका मापावरून निष्कर्ष काढू नये. पाच मिनिटे शांत बसून माप घ्यावे आणि ते वेगवेगळ्या दिवशी पुन्हा घ्यावे. वरचा आकडा वारंवार एकशे चाळीसच्या किंवा खालचा नव्वदच्या वर राहत असेल, तर काही त्रास नसला तरी डॉक्टरांना दाखवावे. या दुखण्यात बहुधा काही दुखत नाही. गोळ्यांनी सुस्ती आली तर डॉक्टरांना सांगावे, ते गोळी बदलतील. आपल्या मनाने बंद करू नये. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या किंवा खालचा एकशे वीसच्या पुढे गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि छातीत दुखणे, धाप लागणे, अंधारी येणे, जीभ जड होणे, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, हातातली वस्तू निसटणे, यांपैकी काही झाले, तर आकड्याची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे.'

हे आता छापून काय होणार, असे वहिनींनी मला विचारले. ज्याच्यासाठी छापायचे होते तो ते वाचणार नाही, आणि ज्यांच्यासाठी ते छापले आहे त्यांच्यापैकी किती जण शेवटपर्यंत वाचतील, हे चोवीस वर्षे या टेबलावर काढल्यावर मला साधारण ठाऊक आहे.

वहिनींनी जेवायला थांबवून घेतले. ताटात पिठले-भाकरी होती. पहिल्या घासाला लक्षात आले, आणि त्यांच्याही लक्षात आले. "मिठाचा डबा फळीवर हाय, भावजी. घ्या वरून. माझा हातच जात न्हाई तिकडं." मी डबा काढला नाही. जेवण झाल्यावर त्यांनी देवळीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. "तुमाला कळंल ह्यातलं. मला काय कळतंय? दर बारीला मला दाखवायचे अन् म्हनायचे, बघ, बराबर आलं. मी म्हनायची, आलं आसंल."

शाळेत मिळते तशी चौकटीची वही आहे. पहिल्या पानावर आमच्या दैनिकातले कात्रण खळीने चिकटवले आहे. एकशे वीस, आडवी रेघ, ऐंशी. त्यापुढे लाल शाईत तीन छेद दोन, आणि त्यापुढे 'दीड', खाली दोन रेघा. पुढच्या पानांवर रकाने आखलेले आहेत. तारीख, माप, संक्षिप्त रूप, शेरा. एकशे ऐंशी आणि एकशे वीस: दीड. एकशे चौऱ्याहत्तर आणि एकशे सोळा: दीड. एकशे सत्तर आणि एकशे दहा: सतरा छेद अकरा, शेरा 'चालत गेलो होतो म्हणून'. एकशे शहाऐंशी आणि एकशे चोवीस: दीड. एकशे नव्वद आणि एकशे वीस: एकोणीस छेद बारा, शेऱ्याच्या जागी प्रश्नचिन्ह. शेवटची नोंद दोनशे दहा आणि एकशे चाळीस. ती वाकड्या अक्षरात आहे, परतीच्या एस.टी.त बसून लिहिली असावी, किंवा हात तेव्हाच नीट चालत नसावा. त्यापुढे 'दीड', आणि शेरा: 'बरोबर'. मी वही नगरला आणली आणि एका रविवारी सगळी उदाहरणे तपासली. एकही चुकलेले नाही.

शेवटच्या नोंदीखाली पान संपत नाही. शाळेचे टाचण आधीच लिहून ठेवायची त्याची सवय होती, त्याप्रमाणे पुढच्या पंधरवड्यांच्या तारखा त्याने वर्षअखेरीपर्यंत घालून ठेवल्या आहेत. मापाच्या रकान्यात प्रत्येक तारखेपुढे पट्टीने एक रेघ आखली आहे. वर आकडा नाही, खाली आकडा नाही. नुसती मधली रेघ. आडवी.